अंतोनीचा अग्नी आणि निवडलेले धान्य

(सुवर्णमहोत्सवानिमित्त दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



आहारदान आणि औषधदान ही दोन दाने या सभागृहातील लहान मुलालाही ठाऊक आहेत. शास्त्रकारांनी ती वेगवेगळी मोजली, कारण क्षुधिताची गरज वेगळी आणि व्याधिग्रस्ताची गरज वेगळी. परंतु जगाच्या इतिहासात असा एक दीर्घ कालखंड होऊन गेला, की ज्यात एका भयंकर व्याधीवर आहार हेच औषध होते. आणि ते देणाऱ्यांना आपण औषध देत आहोत, हे सुमारे सहा शतके उमगले नव्हते. मध्ययुगीन युरोपात संत अंतोनीच्या नावाने चाललेल्या रुग्णालयांचा हा वृत्तान्त आहे. विषय दूरदेशीचा असला, तरी त्याचा शेवट आपल्या बाजरीच्या शेतापाशी येऊन थांबतो, म्हणून श्रोत्यांनी थोडा धीर धरावा.

प्रथम व्याधीविषयी. इसवी सन ८५७ च्या नोंदीत, ऱ्हाईन नदीच्या परिसरात, लोकांच्या अंगावर फोड येऊन अवयव कुजून गळून पडल्याचा उल्लेख आढळतो. पुढे फ्रान्समध्ये हा रोग वारंवार उद्भवू लागला. प्रारंभी हातापायांत मुंग्या येत, नंतर आतून निखारे ठेवल्यासारखी आग होई. रुग्ण थंड पाण्यासाठी आक्रोश करीत. काही दिवसांनी बोटे बधिर होत, कोळशासारखी काळी पडत, सुकत आणि पुष्कळदा रक्ताचा थेंबही न सांडता सांध्यापासून गळून पडत. लोक या रोगाला ‘पवित्र अग्नी’ म्हणू लागले. ९९४ साली दक्षिण फ्रान्समधील आक्विटेन प्रांतात त्याची मोठी साथ आली, आणि लिमोज नगरात संत मार्शलच्या अस्थी मिरवणुकीने बाहेर काढून सामुदायिक प्रार्थना झाल्या. त्या साथीत ४०,००० माणसे दगावली असे जुनी इतिवृत्ते सांगतात. मध्ययुगीन लेखकांचे आकडे जपूनच घ्यावे लागतात, पण भयाचे प्रमाण त्यांवरून कळते.

या सर्व नोंदींत ९४५ सालची पॅरिसची नोंद अत्यंत मोलाची आहे. रँस येथील फ्लोदोआर नावाच्या धर्मगुरूने ती लिहून ठेवली. पॅरिस आणि आसपासच्या खेड्यांत या अग्नीने माणसे होरपळू लागली, तेव्हा जे कोणी नगरातील माता मेरीच्या मंदिरापर्यंत पोहोचू शकले, ते बरे झाले. तेथे आश्रयाला आलेल्या सर्वांना ह्यू नावाचा सरदार आपल्या कोठारातून रोजचे अन्न देत होता. बरे झालेले काही जण घरी परतले आणि त्यांना पुन्हा तोच रोग जडला. ते पुन्हा मंदिरात आले आणि पुन्हा बरे झाले.

श्रोतेहो, या चार ओळींत रोगाचे संपूर्ण निदान दडलेले आहे. मंदिरात आल्यावर आराम पडतो, घरी गेल्यावर रोग उलटतो. मग घरी असे काय होते जे मंदिरात नव्हते? आज हा प्रश्न शाळकरी मुलालाही सुचेल. पण त्या काळच्या मनाला उत्तर आधीच ठाऊक होते, ते म्हणजे मंदिराचे पावित्र्य. उत्तर आधीच हाती असले की प्रश्न विचारला जात नाही, आणि यात त्या काळच्या लोकांना हसण्यासारखे काही नाही.

घरी होती ती रायची भाकरी. राय म्हणजे आपली मोहरी किंवा राई नव्हे. गव्हाच्या कुळातील, थंड आणि निकस जमिनीत तग धरणारे ते एक तृणधान्य आहे. गव्हाचा पांढरा पाव श्रीमंतांच्या, मठांच्या आणि नगरवासीयांच्या ताटात असे. रायचा काळा पाव गरिबाच्या वाट्याला येई. कडक हिवाळ्यानंतर वसंत आणि उन्हाळा ओला गेला, की रायच्या कणसावर एक बुरशी वाढते. कणसातील दाण्याच्या जागी जांभळट काळे, किंचित वाकडे, कोंबड्याच्या पायाच्या आरीसारखे टोकदार बोंड तयार होते. फ्रेंच भाषेत त्या आरीला जो शब्द आहे, त्यावरूनच ‘अरगट’ हे नाव आले. या बोंडातील विषारी द्रव्ये रक्तवाहिन्या आवळून धरतात, त्यामुळे हातापायांच्या टोकांना रक्त पोहोचेनासे होते. आग होणे, बधिरता, काळे पडणे आणि गळणे हा सारा क्रम त्यातून येतो. ऱ्हाईनच्या पूर्वेकडील प्रदेशांत याच विषाने झटके, पेटके आणि भ्रम होण्याचे प्रकार अधिक आढळत.

साठवणीत या विषाची तीव्रता हळूहळू कमी होते. ज्याच्या घरी मागील वर्षाचे धान्य शिल्लक असेल, त्याला नव्या पिकाची घाई नसे. ज्याचे कोठार रिकामे, तो मात्र कापणी होताच ओले-कोवळे, न निवडलेले धान्य दळून खाई. दुष्काळाच्या वर्षी काळी बोंडे वेचून टाकणेही परवडत नसे, कारण तेवढेच पीठ कमी होई. ज्याला अन्न कमी, त्यालाच ते विषारी मिळावे, अशी ती व्यवस्था होती.

आता संत अंतोनीकडे वळू. वसई आणि गोवा येथील ख्रिस्ती बांधवांत ज्या संत अंतोनीची विशेष भक्ती आढळते, ते पादुआचे. त्यांचा काळ ११९५ ते १२३१. येथे अभिप्रेत आहेत ते इजिप्तच्या वाळवंटातील तपस्वी अंतोनी, ज्यांचा काळ परंपरेने २५१ ते ३५६ मानतात. त्यांनी घरदार आणि संपत्ती वाटून टाकली, एकान्त पत्करला आणि अल्पाहारावर दीर्घ तप केले. आलेक्झांड्रियाचे धर्माध्यक्ष अथानासियस यांनी त्यांचे चरित्र लिहिले. अपरिग्रह आणि इंद्रियनिग्रह यांचे मोल जाणणाऱ्या श्रोत्यांना या तपस्व्याची ओळख परकी वाटणार नाही. हयातीत त्यांचा या रोगाशी काही संबंध नव्हता. तो आला तो त्यांच्या अस्थींमुळे. अकराव्या शतकाच्या उत्तरार्धात जोसलिन नावाच्या एका उमरावाने या अस्थी कॉन्स्टँटिनोपलहून फ्रान्सच्या दोफिने प्रांतातील एका छोट्या खेड्यात आणल्या, अशी परंपरा आहे. ते खेडे आज सेंत-आंत्वान-लाबेई या नावाने ओळखले जाते.

सुमारे १०८९ मध्ये ‘पवित्र अग्नी’ची आणखी एक साथ पसरली. सीजबेर या मठवासी इतिवृत्तकाराने त्या वर्षीचे वर्णन करून ठेवले आहे. हातपाय काळे पडलेले लोक काठ्यांवर, गाड्यांवर, नातलगांच्या पाठीवर बसून अंतोनीच्या अस्थींपाशी येऊ लागले. परंपरा सांगते की गास्तों नावाच्या सरदाराचा पुत्र या रोगातून वाचला, आणि कृतज्ञतेपोटी पितापुत्रांनी आपली संपत्ती रुग्णसेवेला वाहिली. सुमारे १०९५ मध्ये सामान्य गृहस्थांचा एक बंधुसंघ स्थापन झाला. प्रारंभी ते कोणी दीक्षित धर्मगुरू नव्हते. खांद्यावर रुग्ण उचलणारे, जखमा धुणारे सेवेकरी होते. १२१८ मध्ये पोप होनोरियस तिसरे यांनी त्यांना मठव्रतींचा दर्जा दिला आणि १२९७ मध्ये पोप बॉनिफेस आठवे यांनी त्यांचा रीतसर धर्मसंघ केला. काळा झगा आणि त्यावर इंग्रजी ‘टी’ अक्षरासारखे निळे चिन्ह, ही त्यांची ओळख. ते चिन्ह पाहून लंगडणारा वाटसरू रस्ता ओळखत असे. जर्मनीतील मेमिंगेन, आल्सेसमधील इझेनहाइम आणि स्ट्रासबुर्ग अशी ठिकठिकाणी त्यांची ठाणी उभी राहिली. पंधराव्या शतकापर्यंत त्यांच्या रुग्णालयांची संख्या सुमारे ३७० झाली होती, असे मानले जाते.

रोगाला आता नावही मिळाले होते: ‘संत अंतोनीचा अग्नी’. संत बरे करतो आणि कोपला तर तोच जाळतो, अशी दुहेरी समजूत होती. हे आपल्याला समजण्यास कठीण नाही. मराठीत तर आजाराचेच नाव ‘देवी’ होते, आणि पटकीच्या दिवसांत मरीआईचा गाडा गावाच्या वेशीबाहेर काढला जाई. युरोपातही प्रत्येक व्याधीचा संत वेगळा होता. प्लेगसाठी सेबास्टियन आणि रॉक, महारोग्यांसाठी लाझारस, अंग झटकण्याच्या विकारासाठी व्हायटस. मात्र यांतील अंतोनीच्याच नावाने, एका विशिष्ट रोगासाठी, इतकी विस्तृत रुग्णालयांची साखळी उभी राहिली, हे त्याचे वेगळेपण.

त्या रुग्णालयांत काय चाले? आलेल्या रुग्णाची प्रथम तपासणी होई. हा खरोखर ‘अग्नी’च आहे की अन्य रोग, हे पाहिले जाई, कारण ही जागा सर्व व्याधींसाठी नव्हती. दाखल झालेल्याला गव्हाचा चांगला पाव, पुरेसे अन्न, स्वच्छ अंथरूण आणि विश्रांती मिळे. वर्षातून एकदा, येशूच्या स्वर्गारोहणाच्या सणाला, संताच्या अस्थींवरून ओतलेले मद्य जपून ठेवले जाई आणि तीर्थासारखे थोडे थोडे दिले जाई. वनस्पती आणि डुकराची चरबी यांचे मलम जखमांना लावीत. संघाची डुकरे गळ्यात घंटा बांधून नगराच्या रस्त्यांवरून मोकळी फिरत, आणि लोक पुण्य म्हणून त्यांना खाऊ घालीत. या सभेतील श्रोत्यांना मद्य आणि चरबी यांचा उल्लेख रुचणारा नाही. परंतु इतिहास आहे तसाच सांगावा लागतो. शिवाय आजच्या ज्ञानाने पाहता, या रोगातून रुग्णाला खऱ्या अर्थाने सोडविणारी गोष्ट ना मद्य होती ना मलम. बाधित रायची भाकरी बंद झाली आणि स्वच्छ गव्हाची सुरू झाली, हीच ती गोष्ट. बाकीच्या उपचारांनी धीर आणि सांत्वन दिले असेल, आणि तेही थोडके नव्हे.

ज्यांचे अवयव काळे पडून गेले होते, त्यांना भाकरी वाचवू शकत नसे. तेथे शस्त्रवैद्य लागे. स्ट्रासबुर्गचे हान्स फॉन गेर्सडॉर्फ यांनी १५१७ मध्ये शस्त्रक्रियेवर जर्मन भाषेत ग्रंथ छापला. त्यात पाय कापण्याच्या शस्त्रक्रियेचे प्रसिद्ध चित्र आहे. चित्रात शेजारी उभ्या असलेल्या माणसाचा एक हात गुंडाळलेला आणि अंगावर अंतोनीचे चिन्ह आहे. म्हणजे तो आधीच त्या प्रसंगातून गेलेला. हात किंवा पाय गमावलेल्या माणसाला त्या काळी शेतात काम नव्हते आणि घरात स्थान नव्हते. अशांना संघाच्या रुग्णालयात आजन्म राहण्याची सोय होती. त्यांनी नियम पाळावेत, प्रार्थनेस हजर राहावे, एवढीच अपेक्षा. बरे झालेल्यास निरोप देणे सोपे असते. जो कधीच पूर्ववत होणार नाही त्याला मरेपर्यंत सांभाळणे, हे त्या संघाचे सर्वांत मोठे कार्य म्हणावे लागेल. लिंकनचे धर्माध्यक्ष ह्यू यांनी १२०० साली मुख्य मठास भेट दिली, तेव्हा त्यांनी हात नसलेले, पाय नसलेले, पण जखमा भरून आलेले आणि प्रसन्न राहणारे अनेक स्त्री-पुरुष पाहिले, असे त्यांच्या चरित्रात नमूद आहे.

इझेनहाइमच्या रुग्णालयाविषयी थोडे सविस्तर बोलणे अवश्य आहे, कारण तेथील एक कलाकृती जगप्रसिद्ध आहे. तेथील प्रमुख ग्विदो ग्वेर्सी यांच्या काळात, १५१२ ते १५१६ या वर्षांत, माथियास ग्र्युनेवाल्ड या चित्रकाराने वेदीवरील घडीच्या दारांवर चित्रे काढली. बाहेरची दारे मिटलेली असता क्रुसावरील येशू दिसतो. त्याचा देह हिरवट, जागोजाग काटे रुतलेला, जखमांनी भरलेला, बोटे वेदनेने ताठरलेली. आपल्या वीतराग प्रतिमेची शांत मुद्रा पाहण्याची सवय असलेल्या डोळ्यांना हे चित्र सहन होणे कठीण. परंतु ते ज्यांच्यासाठी काढले, त्यांचीही त्वचा तशीच झाली होती. त्यांना आपल्यासारखाच देह वेदीवर दिसत होता.

आतील दारांवर अंतोनीची दोन चित्रे आहेत. एकात राक्षसांनी त्यांना जमिनीवर पाडून ओढले आहे, आणि डाव्या कोपऱ्यात फुगलेल्या पोटाचा, फोडांनी भरलेला, हाताच्या जागी थोटूक उरलेला एक आजारी जीव पडला आहे. खाली कागदाच्या तुकड्यावर लॅटिनमध्ये तक्रार लिहिली आहे: मी घायाळ होत असताना, देवा, तू कुठे होतास, अशा आशयाची. रुग्णालयाच्या प्रमुखाने अशी तक्रार वेदीवर लिहू द्यावी, यात त्याच्या मनाचा मोठेपणा दिसतो. दुसऱ्या चित्रात अंतोनी, पॉल नावाच्या आणखी वृद्ध तपस्व्याच्या भेटीला आले आहेत. दोघांच्या पायाशी वनस्पती उगवल्या आहेत, त्या इतक्या बारकाईने रंगविलेल्या आहेत की अभ्यासकांनी त्यांतील अनेक औषधी झाडे ओळखली. आणि वरून एक कावळा चोचीत पाव घेऊन येत आहे. कथा अशी, की कावळा पॉलला रोज अर्धी भाकरी आणून देई. त्या दिवशी पाहुण्यासाठी पूर्ण आणली. खाली औषधी, वर भाकरी. रुग्ण त्या दोन्हींकडे पाहत होते. चित्रकाराने आणि प्रमुखाने लक्ष दिले ते खालच्या औषधींकडे. खरे औषध कावळ्याच्या चोचीत होते, हे कोणाला कळण्याचा मार्ग नव्हता.

सेवेची दुसरी बाजूही सांगणे भाग आहे. रुग्णालये चालवायची तर निधी हवा, आणि अंतोनीच्या संघाचे निधी-संकलक साऱ्या युरोपभर घंटा वाजवीत फिरत. हळूहळू संकलन हाच व्यवसाय झाला. संताच्या कोपाची भीती घालून पैसा गोळा करणारे, खोटे चिन्ह लावून फिरणारे निघाले. इटालियन महाकवी दान्तेने ‘डिव्हाइन कॉमेडी’च्या अखेरच्या खंडात अंतोनीच्या डुकराचा उल्लेख करून लोभी उपदेशकांवर कोरडे ओढले, तर बोकाचियोने आपल्या कथासंग्रहात या संघाच्या एका लबाड भिक्षूची भरपूर थट्टा केली. चौदाव्या शतकातल्या वाचकाला ती थट्टा लगेच कळत असे, यावरून परिस्थितीची कल्पना यावी. ज्या संघाचा जन्म रुग्णाला पाठीवर उचलण्यातून झाला, त्याची गावोगावची ओळख पुढे दानपेटी घेऊन येणारा माणूस अशी झाली.

निदान शेवटी लागले ते मठाबाहेर. १६७६ मध्ये पॅरिसच्या विज्ञान अकादमीला लिहिलेल्या पत्रात वैद्य देनी दोदार यांनी या रोगाचा आणि रायमधील काळ्या बोंडांचा संबंध स्पष्ट मांडला. गमतीची गोष्ट अशी, की हीच काळी बोंडे प्रसूतीच्या वेळी औषध म्हणून उपयोगी पडतात, हे सुइणींना आधीच ठाऊक होते. १५८२ मध्ये आडाम लोनित्सर यांच्या जर्मन वनस्पतिग्रंथात त्याची नोंद आहे. म्हणजे बोंड शरीरावर प्रबळ परिणाम करते हे एका हाताला माहीत होते आणि दुसरा हात तेच दळून खात होता. ते बोंड मुळात दाणा नसून बुरशीच्या जीवनक्रमातील एक अवस्था आहे, हे लुई-रने त्युलान यांनी १८५३ मध्ये सिद्ध केले. योगायोग असा, की ग्र्युनेवाल्डची ती चित्रे आज ज्या उंटरलिंडेन संग्रहालयात आहेत, ते कोलमार येथील संग्रहालयही १८५३ मध्येच उघडले.

तोवर संघ राहिला नव्हता. धान्याची स्वच्छता वाढली, बटाट्याचे पीक पसरले, रोग ओसरला, आणि १७७६-७७ मध्ये अंतोनीचा संघ माल्टाच्या सेवाव्रती सरदारसंघात विलीन करण्यात आला. रोग मात्र समूळ गेला नाही. १९२६-२७ मध्येही रशियात त्याची साथ आली होती. आणि विषाचे औषधही झाले. १९१८ मध्ये त्यातून काढलेले एर्गोटामाइन अर्धशिशीवर वापरात आले, आणि १९३५ मध्ये वेगळे केलेल्या एर्गोमेट्रिनने प्रसूतीनंतरच्या रक्तस्रावातून असंख्य मातांचे प्राण वाचविले. आपल्या प्रसूतिगृहांत दिले जाणारे मेथर्जिनचे इंजेक्शन याच कुळातील.

आता प्रारंभी उल्लेखिलेली बाजरी. आपल्याकडे राय पिकत नाही, परंतु फुलोऱ्याच्या वेळी आभाळ ढगाळ राहिले आणि रिमझिम लागली, की बाजरीच्या कणसांतून मधासारखा चिकट द्रव पाझरू लागतो, आणि पुढे दाण्यांच्या जागी काळपट बोंडे दिसतात. हाही अरगटच. बुरशीची जात निराळी आणि विषही निराळे. त्याने हातपाय गळत नाहीत, पण मळमळ, उलट्या, चक्कर आणि गुंगी येते. १९५० च्या दशकात तत्कालीन मुंबई राज्याच्या दक्षिण भागात आणि १९७५ मध्ये राजस्थानात अशा बाजरीतून विषबाधा झाल्याच्या नोंदी वैद्यकीय नियतकालिकांत आहेत.

त्यावरचा उपाय कृषी विद्यापीठे सांगतात आणि अनेक शेतकरी करतात. पेरणीपूर्वी १० लिटर पाण्यात २ किलो मीठ विरघळवून त्यात बाजरीचे बियाणे ओतायचे. हलकी बोंडे आणि पोकळ दाणे वर तरंगतात. ते काढून जाळून टाकायचे. तळाशी बसलेले बियाणे स्वच्छ पाण्याने दोन-तीन वेळा धुऊन सावलीत वाळवायचे. घरी खाण्याच्या धान्यासाठी तर त्याहून जुनी रीत आहे. सूप घेऊन दारात बसलेली आजी एकेक काळा दाणा वेचून बाजूला टाकते, आणि मगच पायली जात्याकडे किंवा गिरणीकडे जाते.